सकाळी भरपेट खाणं खरंच गरजेचं आहे का?

पारिजात:
'सकाळी राजासारखं खा' हे आज पुन्हा कानावर पडलं आणि शाळेतला आहाराचा तक्ता आठवला. वजन, औषधं, मुलं... ज्यांना ज्यातलं कळतं त्यांनी लिहा. सुरुवात माझ्याकडून: उठल्याउठल्या भूक नसणं हा आजार नव्हे. पहाटे कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं.

उंबर:
वजनाचं सांगतो. २०१९ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात १३ चाचण्यांचा आढावा आला होता. न्याहारी करणारे दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्तच खात होते, न करणाऱ्यांचं वजन जेमतेम अर्धा किलो कमी. पण बहुतेक चाचण्या थोड्याच दिवसांच्या, म्हणून 'न्याहारी सोडा, बारीक व्हा' असंही म्हणू नका.

भटकी:
ताट केवढं ते सोडा, प्रथिनं मोजा. २० ग्रॅम तरी हवीत. एका अंड्यात साधारण ६, पेलाभर दुधात ८. दोन अंडी आणि दूध, झालं. नुसता पाव-जॅम खाल्ला की साखर झर्रकन चढते, तशीच उतरते, आणि दोन तासांत पुन्हा भूक.

निळाई:
मधुमेहवाल्यांनो, कृपा करून हे वाचा!! इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) घेऊन न्याहारी चुकवली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड. लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. उपाशी राहायचं असेल तर डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या.

पारिजात:
निळाईताई, थायरॉईडची गोळी?

निळाई:
साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी ३० ते ६० मिनिटं. कॉफीसुद्धा नंतरच. कॅल्शियम, लोहाची गोळी ४ तास लांब, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही.

सायली:
लहान मुलांचं वेगळं हं. यकृत लहान, साठा कमी, मेंदूला साखर मात्र भरपूर लागते. शाळेआधी थोडं तरी पोटात जाऊ दे. कोंबू नका. खातच नसेल तर रात्रीचं जेवण तासभर अलीकडे आणून बघा.

भटकी:
+१, रात्री उशिरा जेवलं की सकाळी भूक कुठून लागणार

रानफूल:
विषय सोडून विचारते, रात्री ओट्स भिजवायचं प्रमाण काय? सकाळी गोळा होतो नुसता.

भटकी:
एक वाटी ओट्सला दोन वाट्या दूध, फ्रिजमध्ये. गोळा होतो म्हणजे दूध कमी पडतंय. फळं सकाळी चिरून घाला, रात्री घातली की पाणी सुटतं.