इंडेंचर्ड सर्व्हंटला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींवरचा मजकूर आठवी-नववीच्या मुलांसाठी मराठीत लिहिते आहे. १६०७ मध्ये जेम्सटाउन वसलं, पुढे तंबाखूची लागवड वाढली आणि माणसं कमी पडू लागली. मग इंग्लंडमधल्या गरीब पोरांना जहाजाचं भाडं भरून व्हर्जिनियाला नेऊ लागले. त्या भाड्यापोटी त्यांनी साधारण चार ते सात वर्षं बिनपगारी राबायचं, पोटाला अन्न आणि अंगाला कपडा मिळायचा. यांना इंग्रजीत 'इंडेंचर्ड सर्व्हंट' म्हणतात. मराठीत काय म्हणू?

'करारबद्ध मजूर' लिहिलं होतं, पण वाचताना डोळ्यांपुढे नगरपालिकेचे कंत्राटी कामगार येतात. 'नोकर' म्हणावं तर त्याला पगार असतो. 'गुलाम' म्हणता येत नाही, कारण व्हर्जिनियात गुलाम वेगळे होते आणि तो फरकच मुलांना समजावायचा आहे.

प्रतिसाद

ताई, 'गिरमिट्या' घ्या की. अ‍ॅग्रीमेंटचं गिरमिट झालं, तोच करार, तेच समुद्र ओलांडणं. आपली माणसंही यातून गेली आहेत. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मुंबई बंदरातून मजूर गेले, त्यांत रत्नागिरीकडचे बरेच होते. तिथला मराठी समाज त्यांचाच वंश.

प्रतिसाद

नात्यातला शब्द आहे, पण इथे नको. गिरमिट ही एकोणिसाव्या शतकातली, ब्रिटिश साम्राज्यात गुलामी बंद झाल्यावरची गोष्ट. १६२० च्या व्हर्जिनियातल्या इंग्रज पोराला गिरमिट्या म्हटलं की दोनशे वर्षांचं अंतर पुसलं जातं. शिवाय महाराष्ट्रातल्या मुलाला गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार एवढंच ठाऊक.

मूळ शब्द मात्र मुलांना जरूर सांगा. एकाच कागदावर करार दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी कापायचा. एक तुकडा धन्याकडे, एक चाकराकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकड्यांचे दाते जुळवून बघायचे. लॅटिनमधला दातासाठीचा शब्द त्यात आहे, आपल्या 'दंत'चा सख्खा भाऊ. आपल्याकडच्या जुन्या कागदांत लिहून दिलेल्या बंधनाला 'कतबा' म्हणत. 'त्याने पाच वर्षांचा कतबा लिहून दिला' हे वाक्य मला इंडेंचरच्या फार जवळचं वाटतं.

प्रतिसाद

'वेठबिगार' का नको?

प्रतिसाद

वेठेला कागद नसतो आणि शेवटही नसतो. पाटलाने, सरकारने धरून न्यायचं आणि फुकट राबवायचं, ती वेठ. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने तिला बंदी घातली, आणि इंग्रजी पाठातही 'बेगार' हा आपलाच शब्द तसाच ठेवला आहे. व्हर्जिनियाला जाणाऱ्याने निदान कागदोपत्री तरी स्वतः होकार दिलेला असे. काहींना फसवून, काहींना पळवून नेलं हेही खरं, पण व्यवस्थेचा पाया करार हाच होता.

मला 'सालगडी' आठवतो. आमच्याकडे मराठवाड्यात पाडव्याला साल ठरतं, धान्य आणि रोकड किती ते बोलून घेतात, पुढच्या पाडव्याला साल संपतं. वर्षाच्या मध्ये सोडून जाता येत नाही, कारण उचल घेतलेली असते. आजोबांच्या वाड्यावरचे गडी पाहिलेत, त्यामुळे ती बांधिलकी मला कळते. त्याच धर्तीवर 'मुदतगडी' म्हणता येईल.

प्रतिसाद

दादा, सालगड्याला मालक दुसऱ्याला विकू शकत नाही. व्हर्जिनियात चाकराची उरलेली वर्षं विकता यायची, मृत्युपत्रात वारसाला देता यायची. लग्नाला धन्याची परवानगी लागे. पळून जाऊन सापडला की मुदत वाढे. भाडं भरणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळे, राबणाऱ्याला नाही.

आणि 'गडी' म्हटलं की बायका सुटतात. त्याही गेल्या होत्या. मुदतीत मूल झालं तर बाईला जास्तीची वर्षं भरावी लागत. 'चाकर' पुरुषालाही चालतो, बाईलाही.

प्रश्नकर्ती

'मुदत' हा शब्द मनात बसला. मला मुलांना १६४० चा जॉन पंचचा खटला सांगायचा आहे. व्हर्जिनियातल्या एका धन्याचे तीन चाकर मेरीलँडला पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश, तिसरा आफ्रिकी जॉन पंच. पहिल्या दोघांना धन्याकडे एक वर्ष आणि वसाहतीकडे तीन वर्षं जास्तीची चाकरी ठोठावली. जॉन पंचला उरलेला जन्म. गुन्हा तोच, पळालेही बरोबर, फक्त त्याची मुदत काढून घेतली. शब्दातच मुदत असेल तर हा प्रसंग मुलांना न समजावता कळेल.

प्रतिसाद

अगदी बरोबर पकडलंत. पुढे १६६२ च्या कायद्याने आईची स्थिती तीच मुलाची असं ठरलं, म्हणजे मुदत नसणं पोटातूनच मिळू लागलं.

हाच 'मुदत' शब्द तुम्हाला अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत पुन्हा भेटेल. प्रतिनिधिगृहाच्या जागांसाठी लोक कसे मोजायचे, या कलमात स्वतंत्र माणसं धरली आहेत आणि त्यांत 'काही वर्षांच्या मुदतीसाठी सेवेला बांधलेले' लोकही धरले आहेत. त्यांच्यात 'इतर सर्व व्यक्तीं'चे तीन-पंचमांश मिळवायचे. या 'इतर व्यक्ती' म्हणजे गुलाम. गुलाम हा शब्द त्या मूळ मसुद्यात कुठेच नाही, गुलामगिरीचं नाव घटनेत आलं ते १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, तिला बंदी घालताना. म्हणून या कलमाचं मराठी करताना 'इतर व्यक्ती'च्या जागी कृपा करून 'गुलाम' घालू नका. तो शब्द त्यांनी टाळला होता, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

एक लक्षात ठेवा. इंडेंचर फक्त शेतावरच्यांचं नव्हतं. बेंजामिन फ्रँकलिन बाराव्या वर्षी बोस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात असाच करार लिहून उमेदवारीला लागला, एकविसाव्या वर्षापर्यंतचा. १७२३ मध्ये तो पळून फिलाडेल्फियाला गेला. वरच्या १७८७ च्या राज्यघटनेवर पुढे त्याची सही आहे. तिथे 'चाकर' चालणार नाही, 'उमेदवार' म्हणावं लागेल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. शेतावरच्यांसाठी 'मुदतबंद चाकर' ठरवते. पहिल्यांदा येईल तिथे दातेरी कागदाची गोष्ट सांगेन.

एक अडचण उरली होती, ती तुमच्या चर्चेतून सुटली. रिचर्ड फ्रेथॉर्न या चाकराने १६२३ मध्ये व्हर्जिनियातून आईवडिलांना लिहिलेलं पत्र मजकुरात आहे. खायला वाटाणे आणि पातळ पेज, एका पेनीचा पाव चौघांत. आजार, हल्ल्याची भीती, एका सोबत्याने चोरलेला अंगरखा. आणि पुन्हा पुन्हा एकच विनवणी, ज्यासाठी इंग्रजीत 'रिडीम' हे क्रियापद आहे. मी आधी 'माझी सुटका करा' असं लिहिलं होतं. पण तो कैदेत नव्हता, त्याची वर्षं पैशांत अडकली होती आणि पैसे भरूनच निघणार होती. शेत गहाण पडलं की आपण काय म्हणतो? म्हणून आता तिथे लिहिलंय, 'बाबा, मला सोडवून घ्या. ते जमत नसेल तर चीज, लोणी, मांस, काहीतरी खायला पाठवा.'

प्रतिसाद

'सोडवून घ्या'च ठेवा, ताई. त्याला हात लावू नका.