सल्ला हवा : ऐकू कमी येणाऱ्या वडिलांसोबत बघायला जुना हेरपट

रानजाई
नमस्कार मंडळी. दिवाळीत माझा भाचा (वय १३) आठ दिवस सांगलीला येतोय. त्याला आणि माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, मिळून एक तरी सिनेमा बघायचाय. हेरगिरीचे सिनेमे दोघांच्याही आवडीचे. अडचण अशी की आबा ७६ वर्षांचे आहेत. कानाला मशीन लावूनही त्यांना संवाद नीट कळत नाहीत, आणि सबटायटल वाचून व्हायच्या आत निघून जातात. मे महिन्याच्या सुट्टीत एक नवा हेरपट लावला होता. मारामारीत कोण कोणाला मारतंय तेच दिसेना, आणि मारामारी थांबली की सगळे कॉम्प्युटरपुढे उभे राहून बोलत सुटायचे. अर्ध्या तासानं आबा म्हणाले, "तुम्ही बघा, मी पडतो जरा." ते माझ्या मनाला फार लागलं.

तरुणपणी सायकल मारत कोल्हापूरला जाऊन इंग्रजी सिनेमे बघणारा हा माणूस. तेव्हाही इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण सिनेमा कळायचा असं ते सांगतात. म्हणजे त्या जुन्या सिनेमांत काहीतरी होतं. ते नेमकं काय, आणि ते ज्यात आहे असा कोणता सिनेमा लावू? कृपया शेवट फोडू नका, भाचा धागा वाचणार आहे.

जुनी_रिळं
रानजाई ताई, आबांनीच उत्तर देऊन ठेवलंय. आवाज बंद केला तरी निम्म्याहून जास्त कळतो तो खरा साहसी हेरपट. मी बेलाशक 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) सुचवेन. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. त्यांचं शिक्षणच मूकपटांत झालेलं, त्यामुळे माणूस कुठे बघतोय, त्याच्या हातात काय आहे, दार किती लांब आहे, हे ते आधी दाखवतात. संवाद नंतर येतात.

आबांना सुरुवातीला एवढंच सांगून ठेवा. न्यूयॉर्कमधला जाहिरातवाला (कॅरी ग्रँट) हॉटेलात बसलाय. तिथला पोऱ्या 'जॉर्ज कॅप्लन' असा पुकारा करत फिरतोय. नेमकं तेव्हाच याला आईला तार पाठवायचं आठवतं, आणि तो पोऱ्याला बोलवायला हात वर करतो. लांब उभी असलेली दोन माणसं ते बघतात. संपलं! इथून पुढे दोन तासांहून जास्त तो पळतोय, कारण त्यांच्या लेखी तोच कॅप्लन.

सगळे ज्याच्या मागे लागलेत ती सरकारी गुपितं नेमकी कसली, हे सिनेमा जवळजवळ सांगतच नाही. हिचकॉक अशा वस्तूला मॅकगफिन म्हणायचे. पळापळीला एक निमित्त लागतं, बास. नव्या सिनेमांत त्या निमित्ताचाच खुलासा करत बसतात, आणि आबांसारख्या प्रेक्षकाची पंचाईत होते ती तिथेच.

एका प्रसंगासाठी मात्र सगळ्यांचे मोबाइल बाजूला ठेवायला लावा. नायकाला कुणाला तरी भेटायला आडरानात बोलावलंय. गोष्टीत ते इंडियाना आहे, चित्रण कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डच्या बाजूला झालं. बस त्याला सोडून निघून जाते. सरळ डांबरी रस्ता, दोन्हीकडे सपाट रान, डोक्यावर ऊन. एक गाडी येते, आपल्याला वाटतं हीच, ती भर्रकन निघून जाते. दुसरी येते, तीही जाते, आणि याच्या कडक इस्त्रीच्या सुटावर धूळ उडते. कितीतरी मिनिटं एवढंच चाललेलं असतं. बर्नार्ड हरमननी या सिनेमाला जबरदस्त संगीत दिलंय, पण या प्रसंगात ते शेवटपर्यंत गप्प आहे. दिग्दर्शकांचा रिवाज असा की माणसाला गाठायचं तर अंधारी गल्ली, ओला रस्ता, खांबाखाली सावली. हिचकॉकनी मुद्दाम उलटं केलं : भर दुपार, आणि लपायला एक झाड नाही. पुढचं सांगत नाही.

निळी_शाई
'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'ला जोरदार अनुमोदन. त्यातला शिकागोचा लिलाव विसरू नका. हॉलच्या दारादारात मारेकरी उभे आणि नायकाच्या खिशात साधा चाकूही नाही. तो काय करतो? वेड्यासारख्या बोली लावायला लागतो! मला हेरपटात हेच आवडतं, हाताशी आहे त्यातून सुटका. बंदूक काय, कुणीही चालवेल.

माझ्याकडून 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३). बाँडच्या सिनेमांत माझा हा सगळ्यात लाडका. सुरुवातीला बाँडला एक काळी ब्रीफकेस मिळते. सुरा कुठून निघतो, सोन्याची ५० नाणी कुठे आहेत, टाल्कम पावडरच्या डब्यात अश्रुधूर कसा ठेवलाय, आणि चुकीच्या पद्धतीनं उघडली तर काय होतं, हे आपल्याला नीट समजावून दाखवतात. आणि मग सिनेमा ती बॅग विसरल्यासारखं करतो. आपण मात्र विसरत नाही. पुढे ओरिएंट एक्सप्रेसच्या एवढ्याशा डब्यात ती बॅग समोर येते तेव्हा सगळं आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि श्वास अडकतो तो त्यामुळेच. ती मारामारीसुद्धा पार्श्वसंगीताशिवाय आहे, नुसत्या धडका आणि फुटणाऱ्या काचा.

आबांसाठी आणखी एक. यातला मारेकरी रॉबर्ट शॉ पहिला तासभर एक शब्द बोलत नाही. इस्तंबूलमध्ये, स्टेशनवर, गर्दीत, बाँडच्या मागे नुसता दिसत राहतो. आपण बघतोय, बाँड बघत नाहीये. कान लागतच नाहीत त्याला. दोन-तीन प्रसंग मोठ्यांचे आहेत, तेरा वर्षांच्या मुलासोबत बघण्याआधी तुम्ही एकदा नजर टाका.

भरती_ओहोटी
'व्हेअर ईगल्स डेअर' (१९६८) कसा कुणाला आठवला नाही? बर्फ, आल्प्समधला किल्ला, रिचर्ड बर्टन, क्लिंट ईस्टवूड, आणि केबलकारच्या टपावरची ती झुंज! माझ्या थोरल्या भावानं मला हा दाखवला होता. रात्रभर झोपेत मी पलंगाची कड धरून होतो.

जुनी_रिळं
भरती_ओहोटी, केबलकारबद्दल शंभर टक्के सहमत. किल्ला खरा आहे, ऑस्ट्रियातला होहेनवेर्फेन, आणि खडक, दोर, खालची दरी कुठे आहे हे प्रेक्षकाला कायम कळत असतं. पण मधोमध दिवाणखान्यात बर्टन उभा राहून बाजू पलटवत राहतो, तो लांबलचक प्रसंग पूर्ण संवादांवर उभा आहे. कोण कोणाच्या बाजूचा, हे शब्द ऐकल्याशिवाय कळत नाही. मला तो प्रसंग अत्यंत प्रिय आहे, पण आबा तिथेच परत "पडतो जरा" म्हणतील. भाच्याला वेगळा दाखवावा.

सातारी_कंदी
हिंदी का नको? 'फर्ज' (१९६७), जितेंद्रचा एजंट ११६. तेलुगूतल्या 'गूढचारी ११६'वरून घेतलेला, दिग्दर्शक रविकांत नगाइच. आबा तेव्हा विशीच्या आत-बाहेर असणार, बहुतेक थिएटरात पाहिलाही असेल. ओळखीचा सिनेमा असला की ऐकू न आलेलं आठवणीतून भरून निघतं. माझ्या आजीच्या बाबतीत मी हे पाहिलंय. गाण्यांवर तिचे ओठ बरोबर हलायचे.

निळी_शाई
वा, हे सुचलंच नव्हतं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी फार मोलाचं आहे.

पाणंद
उदयपूरचा 'ऑक्टोपसी' (१९८३) भाच्याला मजा देईल. कबीर बेदी मुठीत फासे चिरडतो, विजय अमृतराज रॅकेटनं माणसं हाणतो. पण साप, गारुडी, निखाऱ्यांवरून चालणारे साधू असा भारत त्यांनी दाखवलाय, त्याचा मला मनापासून राग येतो. दुसऱ्या कुणाच्याही आधी हा लावू नका.

रानजाई
सगळ्यांचे खूप आभार. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' ठरवला. एकाच बैठकीत बघू की दोन दिवसांत?

जुनी_रिळं
एकाच बैठकीत, पण मध्ये चहा ठेवा. आगगाडीत बाईंशी ओळख होते तो भाग बोलका आहे, तिथे भाच्यानं दोन वाक्यांत सांगावं. खोलीतले दिवे बंद नकोत, मंद असू द्या, म्हणजे आबांना त्याचे ओठ दिसतील.

रानजाई
काल रात्री बघितला! लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. (आडरानातल्या प्रसंगाबद्दल लिहितेय, सिनेमा बघायचा असेल त्यांनी इथे थांबा.)

आबा कृषी खात्यात होते, सगळी नोकरी शिवारातून फिरण्यात गेली. बस निघून गेली, गाड्या गेल्या, आणि रस्त्यापलीकडे एक माणूस येऊन उभा राहिला. लांब आभाळात एक छोटं विमान पांढरी पावडर सोडत घिरट्या घालत होतं. मी आणि भाचा त्या माणसाकडे बघत होतो. आबा खुर्चीतून पुढे झुकले आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं, पण पीक कुठंय तिथं? मोकळ्या रानात कसली फवारणी करतोय ह्यो?"

भाचा म्हणाला, "आबा, थांबा ना, तो काहीतरी बोलतोय." आणि पडद्यावरचा माणूस नेमकं तेच बोलला, की पीकच नाही तिथं विमान फवारणी करतंय. भाच्यानं सिनेमा थांबवला, सबटायटल बोटानं दाखवत मोठ्यानं वाचली आणि ओरडला, "आबा, तुमचंच वाक्य! तुम्ही आधी बोललात!"

पुढे विमान वळलं. आबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. नायक वाळक्या मक्यात शिरला आणि वरून पावडर पडायला लागली, तेव्हा आबांनी स्वतःच्या नाकावर उपरणं धरलं.

चहा दोनदा गार झाला. सिनेमा संपल्यावर मी टीव्ही बंद करायला उठले तर म्हणाले, "ती बस थांबते ना, तिथनं परत लाव."