टर्बो बसवायच्या बीएमडब्ल्यू २००२ साठी पिस्टन कोणते आणि कॉम्प्रेशन रेशो किती?

इसारकाठचा (म्युनिक)

नमस्कार. माझ्याकडे १९७४ सालची बीएमडब्ल्यू २००२ आहे, मूळची कार्ब्युरेटरवाली, १०० अश्वशक्तीची आणि ८.५ कॉम्प्रेशन रेशोची (म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण ८.५ पट लहान जागेत दाबणारी). इंजिन उघडल्यावर सिलिंडर लंबगोल घासलेले निघाले, त्यामुळे बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ वरून ८९.५ मिलिमीटर करणे भागच आहे आणि पिस्टनही नवेच घ्यावे लागणार आहेत. पिस्टन घ्यायचेच आहेत तर टर्बोचा जुना बेतही याच वेळी तडीस न्यावा, असा विचार आहे. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.६ बारच्या वर नेणार नाही, ती हवा थंड करणारा इंटरकूलर असेल, इंधन आणि ठिणगी हे दोन्ही प्रोग्रॅम करता येणाऱ्या ईसीयूकडे (इंजिनाच्या संगणकाकडे) असतील आणि ९८ ऑक्टेनचे पेट्रोल येथे सहज मिळते. गाडी शर्यतीत नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी आल्प्सच्या घाटांत चालेल.

अडचण अशी की, तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले. एकाचे म्हणणे असे की, कारखान्याने १९७३ च्या २००२ टर्बोला ६.९ रेशो दिला होता, तेव्हा ७ च्या वर जाऊच नये. बोअरिंग करणारा कारागीर म्हणतो की, आजच्या टर्बो गाड्या १० वर चालतात, म्हणून ९ ठेवावा. तिसरा म्हणतो की, साधे ओतीव पिस्टन घालून जाड गॅस्केट बसवावे आणि पैसे वाचवावेत. कोणाचे ऐकावे?

दहनकक्ष

पहिले दोन्ही सल्ले आकडा उचलतात, पण त्यामागचे कारण मागेच ठेवतात. २००२ टर्बोला इंटरकूलर नव्हता, इंधन कुगेलफिशरच्या यांत्रिक पंपातून येत होते, नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) ओळखणारा सेन्सर नव्हता आणि बूस्ट सुमारे ०.५५ बार होता; या परिस्थितीत इंजिन वाचवण्याचा हुकमी उपाय म्हणजे रेशो उतरवणे, आणि तो त्यांनी केला. पोर्शने १९७५ च्या ९३० या टर्बो गाडीत ६.५ ठेवला होता, पण १९७८ मध्ये ३.३ लिटरच्या इंजिनाला इंटरकूलर मिळताच तो ७.० वर नेला. साबचे उदाहरण तर याहून बोलके आहे: ९९ टर्बोचा रेशो ७.२ होता, पुढे नॉकिंग ऐकून बूस्ट कमी करणारी एपीसी यंत्रणा आल्यावर त्याच घराण्यातले इंजिन ८.५ वर सुखाने चालू लागले.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो. बाहेर २० अंश तापमान असताना ०.६ बारपर्यंत दाबलेली हवा, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरल्यास, सुमारे ८५ अंशांवर पोहोचते. बरा इंटरकूलर ती पुन्हा ४०-४५ अंशांवर आणतो. सिलिंडरच्या कोपऱ्यात शेवटी जळायचे राहिलेले मिश्रण आपोआप पेटते की नाही, हे मुख्यतः तापमान, दाब आणि त्याला मिळणारा वेळ यांवर ठरते. म्हणूनच रेशोला बूस्टच्या निरपेक्ष दाबाने (वातावरणाचा १ अधिक बूस्टचा ०.६ बार) गुणून ‘परिणामी रेशो’ काढण्याची लोकप्रिय पद्धत फसवी आहे: ८ गुणिले १.६ म्हणजे १२.८ हे उत्तर इंटरकूलर असो वा नसो, तेच येते.

तरीही ९ नको. आजच्या इंजिनांना १० परवडतो, कारण थेट सिलिंडरमध्ये फवारलेले इंधन हवा थंड करते, ठिणगी मध्यभागी असते आणि सेन्सर सतत पहारा देतो. एम१० च्या, म्हणजे तुमच्या इंजिनाच्या, दोन-व्हॉल्व्ह हेडमध्ये यांपैकी काहीच नाही. तेथे ९ ठेवल्यास बूस्टवर ठिणगी इतकी उशिरा द्यावी लागेल की, मिळवलेली कार्यक्षमता निघून जाईल आणि एक्झॉस्टची उष्णता टर्बोवर येईल. उलट ७ वर आदर्श चक्राची कार्यक्षमता सुमारे ५४ टक्के, तर ८ वर ५६.५ टक्के असते. हा फरक कागदावर लहान वाटला तरी बूस्ट येण्यापूर्वीच्या सगळ्या प्रवासात, म्हणजे तुमच्या प्रवासाच्या मोठ्या भागात, गाडी मरगळलेली वाटते. माझे मत ८.० असे आहे.

पिंपरीचा टर्नर

८.० ला माझी हरकत नाही, पण तो आकडा कागदावर नव्हे, हेडमध्ये यायला हवा. ८९.५ बोअर आणि ८० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) धरल्यास एका सिलिंडरचे विस्थापन ५०३.३ घन सेंटिमीटर होते; ८.० साठी पिस्टन वर असताना एकूण ७१.९ घन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. पन्नास वर्षांच्या हेडला आधी किती वेळा रंधा लागला आहे, हे कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून व्हॉल्व्ह बसवून, वर ग्रीस लावलेली ॲक्रिलिकची पट्टी ठेवून, ब्युरेटने (मापाच्या काचनळीतून द्रव सोडून) हेडमधले चारही दहनकक्ष मोजा आणि त्यानंतरच पिस्टनच्या माथ्यावरील वाटीचे माप कळवा. मी एकदा पुस्तकातल्या आकड्यावर विसंबून पिस्टन मागवले आणि तो संच आजही माझ्या फडताळात आहे.

जाड गॅस्केटचा मोह मला समजतो, कारण केवळ ०.८ मिलिमीटर जाडी वाढवली की ८.५ चा जवळजवळ ८.० होतो. पण मग पिस्टन आणि हेडच्या सपाट भागांमधली फट वाढते, मिश्रण घुसळले जात नाही आणि जे नॉकिंग टाळायचे तेच जवळ येते. शिवाय हेड वर गेल्याने साखळीवर चालणाऱ्या कॅमचे टायमिंगही मागे सरकते. फट एक मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि जागा वाटीतून काढा.

ओतीव पिस्टन बूस्टमुळे लगेच मरत नाहीत, पण नॉकिंगच्या काही जोरदार ठोक्यांत पहिल्या दोन रिंगांमधला कडा तुटतो. घडीव पिस्टनच घ्या. ४०३२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असल्याने तो कमी फुगतो, क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली मोकळी जागा) कमी लागतो आणि थंड इंजिन खडखडत नाही. २६१८ हा दुसरा मिश्रधातू अधिक चिवट, पण साधारण ०.१ मिलिमीटर क्लिअरन्स मागतो आणि सकाळी शेजाऱ्यांना उठवतो. ०.६ बारसाठी ४०३२ पुरेसा आहे. वरच्या रिंगची फट ०.४५ ते ०.५० मिलिमीटर ठेवा, कारण तापलेल्या रिंगची टोके भिडली तर कोणताही पिस्टन टिकत नाही. क्लिअरन्स मात्र पिस्टनसोबत आलेल्या कागदाप्रमाणेच.

झुरिकहून

मी ७.८ सुचवेन. लांब चढावर हळू वेगात इंटरकूलरला वारा मिळत नाही आणि वर सांगितलेले ४५ अंश टिकत नाहीत. ८.० ठेवणार असाल, तर आत येणाऱ्या हवेचे तापमान वाढताच ठिणगी मागे घेणारा तक्ता ईसीयूत आधी भरून घ्या.

इसारकाठचा (म्युनिक)

सर्वांचे आभार. काल चारही कक्ष मोजले: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान कक्षात १.४ घन सेंटिमीटरचा फरक निघाला, म्हणजे एकाच वाटीच्या पिस्टनवर एक सिलिंडर ८.० वर, तर दुसरा ७.८७ वर चालला असता. लहान कक्ष घासून मोठ्याच्या बरोबरीला आणले जात आहेत; त्यानंतरचे माप घेऊन ४०३२ चे पिस्टन ८.० च्या हिशेबाने मागवीन. झुरिकच्या सूचनेप्रमाणे तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटलजवळ बसवत आहे.