चार खरेदी केंद्रं, रोजची एक्सेल पत्रकं: पॉवर ऑटोमेट, झॅपियर, मेक, एन-एट-एन की ॲप्स स्क्रिप्ट?

मांजराकाठ
लातूरला शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसचं काम आहे. औसा, निलंगा, चाकूर, अहमदपूर अशी चार केंद्रं. सोयाबीनच्या हंगामात दर केंद्रावर दिवसाला 50-60 पावत्या होतात. संध्याकाळी ऑपरेटर एक्सेल फाइल व्हॉट्सॲपवर टाकतात. त्या चारही एकत्र चिकटवून पुढची कामं करायची:
1. रात्री आठपर्यंत संचालकांना मेलवर गोषवारा (केंद्रनिहाय कट्टे, क्विंटल, सरासरी आर्द्रता, देणं)
2. टॅलीत खरेदीच्या नोंदी
3. बँकेला एनईएफटीची यादी
4. शेतकऱ्याला पावतीचा मेसेज

ऑफिसात एक्सेल 2019 आहे, एका केंद्रावर अजून 2010. मेल फुकटचा जीमेल. प्रोग्रामर नाही, व्हीलुकअप, पिव्होट येतं. खर्च वर्षाला दहा-बारा हजारांच्या वर नको. कामं आपोआप करणारी ही जी टूलं वर शीर्षकात लिहिलीत, त्यातलं कोणतं एक घ्यावं?

बालाघाट
दादा, एक टूल घ्यायचं हेच आधी डोक्यातून काढा. चार कामांचा माल चार ठिकाणी आहे. गोषवारा शीटमध्ये होतो, टॅली तुमच्या पीसीवर, बँक तिच्या पोर्टलवर, शेतकरी मोबाइलवर. टूल निवडताना दोनच गोष्टी बघायच्या: माहिती कुठं बसलीय, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार.

त्याच्याही आधी पत्रक सुधारा. खालच्या गोष्टी राहिल्या तर कोणतंही टूल चुकाच वेगानं करील.

खाते क्रमांकाचा कॉलम टायपिंगच्या आधी टेक्स्ट करा. एक्सेल 15 आकड्यांपर्यंतच नेमकं धरतं. 16 आकडी खात्याचा शेवटचा आकडा शून्य होतो, आणि नंतर टेक्स्ट केलं तरी परत येत नाही. सुरुवातीचे शून्यही असेच उडतात. गट नंबर 12/3 लिहिला की 12 मार्च होतो, तोही कॉलम टेक्स्टच. गावाचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर किल्लारी, किल्लारि आणि शेवटी एक स्पेस लागलेलं किल्लारी अशी तीन गावं पिव्होटमध्ये दिसतात. पावती क्रमांकाला केंद्राचं अक्षर लावा: औ-0001, नि-0001. कपातीचा दर सूत्रात कोंबू नका, वेगळ्या सेलमध्ये ठेवा. आणि जुन्या फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर आधी युनिकोड करून घ्या. त्या फॉन्टमधलं "औसा" आणि युनिकोडमधलं "औसा" व्हीलुकअपला एकमेकांचे ओळखीचे नाहीत.

सरासरी आर्द्रता साध्या ॲव्हरेजनं काढत असाल तर तेही थांबवा. 2 क्विंटलची पावती आणि 40 क्विंटलची पावती सारख्या वजनानं धरली जाते. आर्द्रता गुणिले क्विंटल यांची बेरीज, भागिले एकूण क्विंटल. सम-प्रॉडक्टनं एका सेलमध्ये होतं.

हे झालं की पहिल्या कामाला गुगल शीट आणि ॲप्स स्क्रिप्ट (शीटला जोडून छोटे प्रोग्राम लिहायची गुगलची सोय) पुरतं, तेही फुकट. केंद्रामागे एक टॅब आणि गोषवाऱ्याचा पाचवा. सेटिंग करताना इथं माणसं अडकतात:

– ट्रिगर (स्क्रिप्ट आपोआप सुरू करायची वेळ) "रात्री 8 ते 9" ठेवला तर तो त्या तासात केव्हाही सुटतो. आठच्या आत मेल हवा तर "7 ते 8" निवडा.
– स्क्रिप्टचा आणि शीटचा, दोन्हींचा टाइमझोन कोलकाता आहे का ते तपासा.
– एक रन जास्तीत जास्त 6 मिनिटं चालतो. एकेक सेल वाचत बसलं तर हंगामाच्या मध्यात ती मर्यादा गाठली जाते. सगळा भाग गेट-व्हॅल्यूजनं एकदाच उचला, हिशोब मेमरीत करा, सेट-व्हॅल्यूजनं एकदाच लिहा.
– फुकटच्या जीमेलला स्क्रिप्टमधून दिवसाला 100 जणांनाच मेल जातो. संचालक मंडळाला भरपूर झालं. शेतकऱ्यांना मेल करायच्या भानगडीत पडू नका.
– ट्रिगर ज्याच्या खात्यातून लावला त्याच्याच नावानं चालतो. ऑपरेटरच्या खाजगी जीमेलवरून लावू नका, तो नोकरी सोडून गेला की गोषवाराही जातो. ऑफिसचं वेगळं खातं काढा. बिघाडाची सूचना रोज एकदाऐवजी "लगेच" वर ठेवा.

सेल_ए1
वरचं बरोबर, पण ऑपरेटर लोक एक्सेल सोडायला तयार नसतील तर पॉवर क्वेरी, म्हणजे अनेक फाइली एकत्र जोडायची एक्सेलची सोय. एक्सेल 2019 मध्ये ती आतच आहे. केंद्रावर 2010 असलं तरी चालतं, एकत्र करायचं काम ऑफिसातच होणार.

चारही फाइली एका फोल्डरमध्ये. डेटा – गेट डेटा – फ्रॉम फाइल – फ्रॉम फोल्डर – कम्बाइन अँड ट्रान्सफॉर्म. पुढं रोज फक्त रिफ्रेश ऑल. बिघडतं ते असं:

शीटचं नाव सगळीकडं एकच पाहिजे. एकानं "पत्रक" आणि दुसऱ्यानं "पत्रक नवीन" ठेवलं की "की जुळली नाही" असा एरर येतो. एखादी फाइल उघडी असेल तर फोल्डरमध्ये ~$ नं सुरू होणारी लपलेली फाइल तयार होते. नावावर फिल्टर लावून ती वगळा. व्हॉट्सॲपवरून तीच फाइल दोनदा उतरवली की "औसा (1)" नावानं बसते आणि औशाची आवक दुप्पट दिसते. म्हणून पावती क्रमांकावर रिमूव्ह डुप्लिकेट्स टाकाच.

तारखेचं तर लई डोकं खातं. पीसी अमेरिकन फॉरमॅटवर असेल तर 05/11 चा 11 मे होतो आणि 13/11 टेक्स्ट राहतो. चेंज टाइपमध्ये युजिंग लोकेल घेऊन इंग्लिश (इंडिया) द्या.

गोदाकाठ_नांदेड
पॉवर ऑटोमेटबद्दल, कारण विकणारे त्याचंच नाव जास्त घेतात. एक्सेल 2019 एकदाच विकत घेतलेलं असेल तर त्यासोबत क्लाउड फ्लो (इंटरनेटवर आपोआप चालणारी कामं) मिळत नाहीत. निदान एका खात्यापुरतं मायक्रोसॉफ्ट 365 चं बिझनेस लायसन्स लागेल आणि फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवावी लागेल. डेटा "टेबल" केलेला नसेल तर फ्लोला दिसतच नाही.

सगळ्यात फसवी जागा: टेबलमधल्या ओळी वाचायची पायरी मूळ सेटिंगमध्ये 256 ओळीच आणते. तुमच्या सव्वादोनशे पावत्यांचा पहिला दिवस बरोबर येईल. दुसऱ्या दिवशी 256 च्या पुढच्या ओळी गळतील आणि फ्लोवर हिरवी खूणच असेल. त्या पायरीच्या सेटिंगमध्ये पेजिनेशन चालू करून मर्यादा 5000 करा, आणि तारखेचा गाळणा लावून त्या दिवसापुरत्याच ओळी उचला. तारीख 45 हजारांच्या घरातला आकडा म्हणून आली तर घाबरू नका, डेटटाइम फॉरमॅट आयएसओ 8601 करा. वेळ यूटीसीत धरली जाते, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. रिकरन्समध्ये (फ्लो रोज कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या पायरीत) टाइमझोन भारताचा निवडला नाही तर आठचा मेल मध्यरात्रीनंतर दीड वाजता.

डेस्कटॉपवालं पॉवर ऑटोमेट विंडोज 11 मध्ये फुकट आहे. ते माणसानं बटण दाबल्यावर चालतं. ठरल्या वेळी आपोआप चालवायचं तर पैसे. स्क्रीनवरच्या जागा बघून क्लिक करायला लावलं असेल तर पुढच्या अपडेटला बंद पडतं.

तुमच्याकडं सध्या मायक्रोसॉफ्टचं काहीच क्लाउडवर नाही, त्यामुळं मी तरी यासाठी तिकडं जा म्हणणार नाही.

हळद_वसमत
झॅपियर, मेकचं गणित करून बघा. झॅपियरच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला 100 टास्क (टूलनं केलेली एकेक कृती), तुमच्या पावत्या दिवसाला 200 च्या वर. सकाळच्या आवकेतच महिन्याचा कोटा संपला. मेकच्या फुकट प्लॅनमधल्या महिन्याच्या 1000 कृती मोजताना प्रत्येक पायरी धरतात, सुरुवातीचा ट्रिगरसुद्धा. तीन पायऱ्यांचं काम असेल तर दीड दिवसात संपतात. पैसे भरून चालेल, पण हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि वार्षिक प्लॅन घेतला तर बिल बारा महिन्यांचं, हे बघून घ्या.

एन-एट-एन हे तसंच टूल स्वतःच्या पीसीवर चालवलं तर टास्कची मोजणी नाही. पण आठ वाजता लाईट गेलेली असेल तर तो रन हुकला. लाईट आल्यावर तो मागचा रन भरून काढत नाही. मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो, तो बदला. एन्क्रिप्शन की जपून ठेवा, ती हरवली तर साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. प्रोग्रामर नसलेल्या ऑफिसात हे नको.

मेसेज: व्हॉट्सॲप वेबला स्क्रिप्ट लावून पाठवणारी जी स्वस्त सॉफ्टवेअरं मिळतात त्यानं नंबर बंद होऊ शकतो. कंपनीचाच नंबर गेला तर शेतकऱ्यांनी फोन कुणाला करायचा? सरळ मार्ग एसएमएसचा. त्याला डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची व्यवस्था) कंपनीची, हेडरची (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. मराठी एसएमएसमध्ये एका मेसेजला 70 अक्षरंच बसतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून. "आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद" काढून टाका. पावती क्रमांक, क्विंटल, रक्कम एवढंच ठेवा. नाहीतर एकाच्या जागी दोन मेसेजचे पैसे.

बालाघाट
टॅली आणि बँक राहिलं. टॅली तुमच्या लॅनमध्ये आहे, मूळ सेटिंगला 9000 पोर्टवर. झॅपियरसारखी क्लाउडची टूलं तिथं थेट पोचत नाहीत. टॅलीप्राइम 4.0 पासून एक्सेल थेट इम्पोर्ट होते, तेच वापरा. आधी बॅकअप, मग दहा पावत्यांची चाचणी. लेजरचं नाव टॅलीत आहे तसंच्या तसं हवं. तीच फाइल चुकून परत दिली तर नोंदी दुबार होऊ शकतात, म्हणून पत्रकात "टॅलीत गेली" असा कॉलम ठेवा.

बँकेची यादी शीटनं तयार करावी, पाठवायचं बटण माणसानंच दाबावं, आणि यादी करणारा व मंजूर करणारा वेगवेगळे. आयएफएससी 11 अक्षरांचा असतो आणि पाचवं नेहमी शून्य. बरेच जण तिथं इंग्रजी "ओ" टाइप करतात. लांबी 11 आणि पाचवं अक्षर शून्य, एवढी तपासणी लावून चुकलेला सेल लाल करा.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. गुगल शीट, टॅली इम्पोर्ट आणि एसएमएस असं ठरवतो. चाकूरला दुपारनंतर नेट जातं, तिथं शीट कशी भरायची?

सेल_ए1
क्रोममध्ये गुगल डॉक्स ऑफलाइन चालू करा आणि ती फाइल ऑफलाइनसाठी उपलब्ध करा. हे नेट असतानाच करून ठेवायचं, गेल्यावर होत नाही. टॅब केंद्राचा स्वतःचा असल्यानं दुसऱ्याच्या ओळीवर ओळ चढत नाही.

पण नेट परत येईपर्यंत त्या पावत्या स्क्रिप्टला दिसणार नाहीत. म्हणून पावतीची वेळ नोंदवणारा कॉलम ठेवा आणि गोषवाऱ्यात प्रत्येक केंद्रापुढं "शेवटची पावती: वेळ" असा रकाना घाला. चाकूरपुढं 2:40 आणि बाकीच्यांपुढं 6 च्या पुढची वेळ दिसली की संचालक आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी केंद्राला फोन लावतील.