पहिला स्काउट कॅम्प, सत्तरी तालुका (गोवा), डिसेंबर: सॅकमध्ये काय भरू?

म्हापशाची_आई:
नमस्कार. मुलगा सातवीत आहे, यंदाच स्काउटमध्ये गेला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रात्रींचा कॅम्प आहे, वाळपईच्या पुढे, कुणाच्या तरी कुळागराशेजारच्या (माड-पोफळीच्या बागेशेजारच्या) मोकळ्या जागेत. तंबू शाळेचे. शाळेच्या चिठ्ठीत 'अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी, टॉर्च, गणवेश, दोरी व वैयक्तिक सामान' एवढंच लिहिलंय. हे वैयक्तिक सामान म्हणजे नेमकं काय? ऑनलाइन ६० लिटरची सॅक आणि स्लीपिंग बॅग कार्टमध्ये टाकून ठेवलीय, दोन्ही मिळून साडेचार हजार. नवरा म्हणतो, पोराला सियाचीनला पाठवतेस का? सासूबाईंनी किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) करून द्यायचं जाहीर केलंय. मला खरी भीती सापांची आणि माकडतापाची. मुलगा हडकुळा, ३४ किलोचा. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पर्वरीकर:
ताई, घेऊन टाका. चांगली वस्तू एकदाच घ्यावी. डोक्याला लावायचा हेडलॅम्पही घ्या, हात मोकळे राहतात.

जुने_मास्तर:
हेडलॅम्प घ्या. बाकी कार्ट रिकामी करा.

सत्तरीतल्याच एका हायस्कुलात मी २४ वर्षं शिकवलं, त्यातली १९ वर्षं स्काउट मास्तर होतो. अशा अंगकाठीच्या पोरांच्या पाठीवर ६० लिटरची सॅक बघितलीय मी. मागून पोर दिसतच नाही, सॅकलाच पाय फुटलेत असं वाटतं. शिवाय मोठी सॅक रिकामी कुणी ठेवत नाही, घरातलं प्रत्येक माणूस त्यात काहीतरी कोंबतं. मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं देऊ नये. म्हणजे तुमच्याकडे पावणेसात किलो, त्यातला एक किलो पाण्याच्या बाटलीचा. शाळेचं मोठं दप्तर असेल तर तेच द्या आणि अंथरुणाची वळकटी वर दोरीने बांधा. चिठ्ठीतली दोरी त्याच कामाला येईल, वेगळी न्यायला नको. सुती असावी, नायलॉनची गाठ निसटते.

स्लीपिंग बॅगेत आपल्याकडे पोरं रात्री दहापर्यंत उकडतात, चेन उघडून बाहेर येतात आणि पहाटे चारला गारठतात. सत्तरीत डिसेंबरात थंडीपेक्षा दव वाईट. सकाळी तंबूवरून पागोळ्या गळाव्यात तसं पाणी ठिबकतं. जुन्या लुगड्याची एक वाकळ, एक सुती चादर आणि खाली प्लास्टिकचा कागद, बस्स. कागद तंबूच्या कडेबाहेर बोटभरही राहता कामा नये. राहिला की ओघळलेलं दव त्यावर पडतं आणि सरळ अंथरुणाखाली येतं. मग पोरगा सकाळी मास्तरांना सांगतो, सर, तंबू गळतो.

शाळेचे तंबू म्हणजे बहुधा कॅनव्हासचे, तळ नसलेले. तेव्हा एकट्याची मच्छरदाणी द्याच. डासांसाठी खरीच, पण मण्यारीसाठी जास्त. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचायला मुलाला घरी शिकवा. नुसती लोंबती सोडली तर उपयोग शून्य. बूट घालण्याआधी झटकायचे, रात्री लघवीला जाताना विजेरी पायापुढे मारायची, झाडांवर नव्हे. आणि चुकून चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. हातपाय न हलवता १०८ला फोन.

आता विजेरी. एका वर्षी एका मुलाची सॅक त्याच्या आईने भरली होती. इस्त्री, घड्या, थरावर थर, बघत राहावं अशी. संध्याकाळी सातला अंधार पडला आणि पोरगा विजेरी शोधायला बसला. एकेक कपडा बाहेर, सगळा ओल्या गवतावर. विजेरी मिळाली पार तळाशी, मोज्यात गुंडाळलेली. काच फुटू नये म्हणून आईने मोज्यात घातलेली! बरं, मिळाली तर पेटेना. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन दिवसभर मोज्यातच जळत बसली होती. रडला नाही, पण जेवलाही नाही. तेव्हापासून मी पोरांना सांगायचो, प्रवासात विजेरीतला एक सेल उलटा घालून ठेवा. बटण दाबलं गेलं तरी पेटत नाही. मुक्कामावर पोचलं की सुलटा करायचा. चार्जवाली असेल तर बटणावर चिकटपट्टी मारा.

म्हणून माझं एकच मागणं. सॅक मुलाला भरू द्या. तुम्ही बाजूला बसा, हात मांडीखाली ठेवा. कपड्यांची एक पिशवी, अंघोळीची एक, ताट-वाटी-पेल्याची एक, सगळ्या प्लास्टिकच्या, तोंड बांधलेल्या. रात्री लागणारं सगळं वरच्या खणात. भरून झालं की खोलीतला दिवा घालवा आणि सांगा, विजेरी काढ, आता मोजे काढ, आता मलम काढ. दोनदा चुकेल. तिसऱ्यांदा सॅक स्वतःच वेगळी भरेल.

माकडतापाची भीती अगदीच खोटी नाही. गोव्यात तो पहिल्यांदा २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात आढळला, आणि डिसेंबरपासून उन्हाळाभर त्याचे दिवस. माणसाकडून माणसाला होत नाही, गोचिडीने होतो. तिचं पिल्लू तिळाएवढं असतं, म्हणून फिक्या रंगाची फुल पँट द्या, मोज्यात खोचायला सांगा. फिक्या कपड्यावर दिसते. सुक्या पाचोळ्यावर बुड टेकायचं नाही. रोज संध्याकाळी कानामागे, काखेत, जांघेत बघायचं. चिकटलेली दिसली तर छोट्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नको, उदबत्तीचा चटका नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता मास्तरांना सांगायचं. वाळपईच्या आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळतं का, तेही मास्तरांनी विचारून ठेवावं. घरी आल्यावर पंधरवड्यात ताप आलाच तर डॉक्टरला आधी सांगा की मुलगा सत्तरीच्या रानात राहून आलाय.

किसमूर पाठवा, पण पहिल्या दुपारी संपवायच्या अटीवर. आमच्या एका कॅम्पात सैल झाकणाचा डबा तंबूत राहिला. पहिल्या रात्री मुंग्या, दुसऱ्या रात्री उंदीर. उंदरामागून कोण येतं ते तुम्हाला सांगायला नको.

केपेची_बाई:
मी गाइड्सच्या मुली नेते. सरांचं सगळं पटलं, वाकळ सोडून. वाकळ एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि वजन दुप्पट. मी मुलींना पातळ लोकरी शाल आणि चादर आणायला सांगते.

जागा मात्र नीट विचारून घ्या. आमचा एक कॅम्प सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर पडला होता. वर चार बोटं माती, खाली जांभा दगड. शाळेने दिलेल्या खुंट्या पहिल्या घावाला वाकल्या, हेअरपिना कशा वाकतात तशा. शेवटी मुठीएवढे नव्हे, चांगले डोक्याएवढे धोंडे गोळा केले आणि तंबूच्या दोऱ्या त्यांनाच क्लोव्ह हिचने (स्काउटच्या एका गाठीने) बांधल्या. आता मी हार्डवेअरमधून सहा इंची खिळे घेते, ते जांभ्याच्या भेगेत बसतात. कुळागराशेजारी माती मऊ असेल, पण तिथे वर बघायचं. माडाखाली तंबू नाही, पोफळीखालीही नाही. झावळी विरीसकट, म्हणजे बुडाच्या जाड भागासकट, खाली येते तेव्हा आवाज होईपर्यंत ती पोचलेली असते.

ज्यांच्या मुली जाणार असतील त्यांनी पाळी जवळ असो-नसो, पॅड, जुने कागद आणि एक काळी पिशवी द्यावी. पहिल्यांदा कॅम्पातच येणाऱ्या मुली असतात, आणि त्या विचारत नाहीत.

रोजची औषधं असतील तर मुलाकडे नको, चिठ्ठी लावून मास्तरांकडे.

जुने_मास्तर:
शालीचं मान्य. आमच्या वेळी शाल कुणाकडे नव्हती, वाकळ सगळ्यांकडे होती, म्हणून तोंडात तेच बसलंय.

म्हापशाची_आई:
कार्ट रिकामी केली! काल रात्री दिवा घालवून परीक्षा घेतली. विजेरीच्या जागी टूथपेस्ट हातात आली आणि त्याने ती चालू करायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा सगळं उपसून नव्याने भरलं, मी काही बोलले नाही, खरंच हात मांडीखाली होते. मग वजन केलं तर आठ किलो दोनशे. कपडे कमी केले तरी साडेसात. शेवटी तळाशी स्टीलचा डबा सापडला, किलोभर चिवडा. आजीने गुपचूप घातलेला, आणि हा तिला सामील! आता डबा काढला तर घरात महाभारत होईल. काय करू?

दुसरं, ताट-वाटीवर मार्करने नाव घातलंय, चालेल ना?

जुने_मास्तर:
स्टीलचा डबा घरी, चिवडा दोन पातळ पिशव्यांत, एकात एक. संघातल्या आठ पोरांत वाटून न्यायला सांगा, म्हणजे आजीही खूश आणि ओझंही वाटलं जातं. बसमध्येच संपेल, काळजी नको.

मार्कर नको. कॅम्पात भांडी राखेने घासतात, पहिल्याच जेवणाला नाव जातं, आणि मग तीस ताटं एकसारखी. खिळ्याने कोरा, ताटाच्या मागच्या बाजूला.