अडीच वर्षांच्या लेकीसाठी ‘ओळख पाहू’ची पुस्तकं: मराठीत वाचताना अडतंय

सिन्नरची आई

माझी लेक दोन वर्षं सात महिन्यांची आहे. तिच्या आत्याने वाढदिवसाला एक इंग्रजी पुस्तक दिलं, झडपा उघडायच्या आणि आत कोण लपलंय ते ओळखायचं, तसलं. लेकीला त्याचं अक्षरशः वेड लागलंय. सकाळी दूध पिताना तेच, रात्री झोपताना तेच. मी इंग्रजी वाक्य बघते आणि जागच्या जागी मराठीत सांगते, कारण घरात आम्ही मराठीच बोलतो.

अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे मी मराठीत सांगितलं की गुपित फुटतं. इंग्रजीत ‘इट’ म्हणून भागतं. मी “ही झाडावर सरसर चढते” म्हटलं की झडप उघडायच्या आधीच माझा पुतण्या (वय पाच) ओरडतो, “ही म्हणालीस ना, म्हणजे खार! माकड असतं तर ‘हे’ म्हणाली असतीस!” लेकीची मजाच जाते.

दुसरी, झडपा फाटतात. मी ऑनलाइन आणखी एक पुस्तक मागवलं होतं, त्याच्या सहा झडपा दोन दिवसांत निघाल्या. मी रागावले तिला, आणि नंतर फार वाईट वाटलं.

तिसरी, नवरा पुस्तक घेऊन बसला की “हे काय? हे काय? याचा रंग कोणता?” असं विचारतो आणि ती गप्प होते. माझ्याबरोबर बोलते, त्याच्याबरोबर नाही. त्यालाही लागतं ते मनाला.

आणि एक शंका. आता तिला सगळी उत्तरं पाठ आहेत, तरी तेच पुस्तक हवं. याचा काही उपयोग होतो का? मराठीत अशी चांगली पुस्तकं कुणाला माहीत असतील तर सांगा.

दोन पोरांचा बाबा

पुस्तकांपुरतं सांगतो. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात आणि उतरवूनही घेता येतात. झडपा नसतात, पण मी झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढतो आणि पानावर पोस्टकार्ड धरून हळूहळू खाली सरकवतो. मोठ्यासाठी हे एवढंच पुरलं.

दुसरं, ज्योत्स्ना प्रकाशनाचं माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ बघा. अडीच वर्षांच्या मुलीबरोबर एका वेळी एखादंच चित्र घ्या, आणि त्यात तुम्ही दोघींनी काहीतरी शोधा. “यात कुणीतरी लपून बघतंय का गं?” एवढं विचारलं तरी माझी धाकटी पाच मिनिटं पानावर ओणवी असते.

झडपांची एक गोष्ट मला आवडते म्हणून सांगतो. एरिक हिल हा इंग्लंडमधला चित्रकार जाहिरातीचं काम करत होता, त्या कामात एक उघडायची घडी होती. त्याचा लहान मुलगा ती पुन्हा पुन्हा उघडत बसला. त्यावरून त्याने कुत्र्याच्या पिल्लाला शोधायचं पुस्तक केलं, ते १९८० साली आलं. म्हणजे ही कल्पना मुळात एका पोराच्या बोटातून आलीय. तुमची लेक जे करतेय तेच तो करत होता.

बालवाडीच्या बाई

सिन्नरच्या आई, मी सांगली जिल्ह्यात एकतीस वर्षं बालवाडी चालवली. आता निवृत्त आहे, पण हा विषय निघाला की मला राहवत नाही. लांब लिहितेय, सवडीने वाचा.

आधी ते ‘ही’चं. तुमचा पुतण्या फार हुशार आहे हो! त्याने पकडलं ते खरं आहे. पण आपल्या भाषेतच त्यावर उपाय आहे आणि तो तुम्ही रोज वापरता. दारावर थाप पडली की आपण काय म्हणतो? “कोण आलंय गं?” ‘कोण आला’ नाही, ‘कोण आली’ नाही. जे दिसत नाही ते आपण नपुंसकलिंगात ठेवतो. पुस्तक वाचतानाही तसंच करा. झडप बंद आहे तोवर “झाडावर कोण चढतंय? कुणीतरी सरसर चढतंय. शेंगा कुरतडतंय. कोण बरं असेल?” झडप उघडली की मग सूर बदला, “अगंबाई, ही तर खार! कशी टुकूटुकू बघतेय!” लेकीच्या कानाला ‘चढतंय’चं ‘चढतेय’ झालेलं ऐकू येतं, तेही नेमकं ज्या क्षणाला तिचे डोळे सगळ्यात मोठे झालेले असतात. मराठीतलं तो-ती-ते कुणी शिकवून येत नाही, असंच येतं.

पुतण्याला मात्र उलटं खेळवा. त्याला “मी ‘तो’ म्हणणार आहे हं, सांग कोण” असा खेळ आवडेल. पानावर ससा, मगर आणि कासव असले की ‘तो’ एकच उरतो.

याहून मला लाडका खेळ शेपटांचा. नुसतं शेपूट काढायचं, बाकी प्राणी झाकलेला. “हे शेपूट कुणाचं?” मुलं सुरुवातीला म्हणतात “ससाचं”, “उंदीरचं”, “वासरूचं”. चूक म्हणून थांबवू नका. झडप उघडा आणि आनंदाने म्हणा, “हो गं, सशाचंच शेपूट!” पुढच्या पानावर “उंदराचं”, त्याच्या पुढे “वासराचं”. महिन्याभरात एक दिवस पोरगी आपणहून “घोड्याचं!” म्हणते आणि आपल्याला कळतही नाही हे कधी झालं. मोठेपणी मराठी शिकणारे ज्या सामान्यरूपापाशी (प्रत्यय लागताना शब्द बदलतो तिथे) अडखळतात, ते या वयात शेपटाला धरून येतं. इंग्रजी पुस्तक जसंच्या तसं मराठीत आणून हे मिळत नाही, म्हणून मी सगळ्यांना शेपटाचं पुस्तक घरीच करा म्हणून सांगते.

आता झडपा फाटण्याबद्दल. ती फाडत नाही. तिच्या अंगठ्याला कडच सापडत नाही, म्हणून ती पूर्ण पंजाने ओढते. झडपेच्या मोकळ्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढी अर्धगोल खाच कापा, अंगठा बरोबर तिथे जातो. माझ्या बालवाडीत खाच पाडायला लागल्यापासून फाटणं निम्म्याहून कमी झालं.

मी पुस्तकं करायची ती अशी. पानांना साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, झडपांना जुन्या लग्नपत्रिका, कारण त्यांचा कागद जाड आणि गुळगुळीत असतो. बिजागरी कागदाची करायची नाही, तिथेच तो तुटतो. जुन्या मऊ सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी घ्या, एक बोट झडपेच्या पाठीला, एक बोट पानाला चिकटवा. मध्ये सुताएवढी फट ठेवा, नाहीतर झडप पूर्ण उलटत नाही. रात्रभर वर तांदळाचा डबा ठेवा.

चिकटवायला खळ घरीच करा. दोन चमचे मैदा, वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून, मग मंद गॅसवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत. एक गोष्ट कळकळीने सांगते, बुकबाइंडरकडची खळ आणू नका. कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात, ते विष आहे, आणि या वयाची मुलं पुस्तकाचे कोपरे चोखतात. घरच्या खळीला मुंग्या-झुरळं येतात हे खरं. म्हणून वाळल्यावर कडांना रुंद चिकटपट्टी लावायची आणि पुस्तक झाकणाच्या डब्यात ठेवायचं.

आत काय लपवायचं? घरातलं. कुकरची शिट्टी, आजीचा चष्मा, कढईचा एक कान. पानाला गोल खिडकी पाडून मागच्या चित्राचा एवढासा तुकडा दाखवायचा, हा माझा दुसरा आवडता प्रकार. एकदा मी खिडकीतून नुसता पिवळा रंग दाखवला होता. मागे लिंबू होतं. एकाने सूर्य म्हटलं, एकीने अंडं, आणि एक मुलगा ठामपणे म्हणाला “भंडारा!” ते नुकतेच जेजुरीला जाऊन आले होते. मी लिंबाची झडप त्या दिवशी उघडलीच नाही, आधी त्याच्याकडून जेजुरी ऐकली. सगळ्यांच्या अंगावर कसा भंडारा उडाला, बाबांच्या भुवया पिवळ्या झाल्या, पायऱ्या मोजता मोजता तो कसा झोपला. तीन वर्षांचं पोर, आठ-दहा वाक्यं सलग बोललं.

तेच तेच पुस्तक हवं असण्याबद्दल आता. बीडहून ऊसतोडीला आलेल्या एका कुटुंबातला मुलगा माझ्याकडे हंगामापुरता यायचा. बोलायचा नाही. मी स्टीलचा पेला पदराखाली झाकून “कोण आहे?” विचारायचे, बाकीची मुलं ओरडायची, हा नुसता बघायचा. एके दिवशी मी पदर उचलायला गेले तर त्याने माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि घट्ट दाबला. “थांब,” म्हणाला. त्याचा पहिला शब्द. आत पेला आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, रोजचाच पेला. त्याला ते झाकलेलं असणंच हवं होतं, थोडा वेळ जास्त. त्या दिवसापासून मी घाई करणं सोडलं. तुमच्या लेकीला उत्तर येतं म्हणूनच ती आता त्या झाकणाची मजा निवांत घेतेय. देऊ दे तिला हाताचा दाब. मनात दहा आकडे मोजा आणि झडप तिलाच उघडू द्या.

कोडी मात्र एवढ्यात नकोत. “सूपभर लाह्या, त्यात एक रुपया” हे कितीही गोड असलं तरी आकाशाला सूप म्हणणं पाच वर्षांच्या आसपास उमगतं. अडीचला सूप म्हणजे आजी पाखडते ते.

वाचा-उपचार करणारी

बाईंनी लिहिलंय त्यात भर एवढीच, वडिलांसाठी. “हे काय?” हा प्रश्न वाईट नाही, पण सलग दहा आले की मुलाला ती परीक्षा वाटते. १९८८ मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांच्या आईवडिलांना पुस्तक वाचायची वेगळी पद्धत शिकवली. हो-नाहीत उत्तर येणारे प्रश्न कमी, ‘काय करतंय’सारखे मोकळे प्रश्न जास्त, आणि मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्द घालून तेच परत म्हणायचं. दुसऱ्या गटाने तितक्याच वेळा नेहमीसारखं वाचलं. चारच आठवड्यांत पहिल्या गटातल्या मुलांचं बोलणं स्पष्टपणे पुढे गेलं.

घरी करायला सोपं असं की बाबांनी स्वतः ओळखायचं, आणि चुकायचं. “मला वाटतं आत हत्ती आहे. एवढ्याशा टोपलीत? बसेल का गं?” माझ्याकडे येणारी गप्प मुलं मोठ्यांना चुकलेलं बघून हमखास तोंड उघडतात. लेक “भूभू” म्हणाली तर “हो, काळा भूभू, झोपलाय” एवढंच म्हणायचं आणि थांबायचं.

तुमच्या जवळपास आठ-नऊ महिन्यांचं बाळ असेल तर त्याच्याशी “बुवाऽऽ कुक” खेळून बघा. वस्तू झाकली तरी ती असतेच, हे त्या सुमाराला कळायला लागतं. झडपेचं पुस्तक म्हणजे त्याच खेळाची पुढची पायरी.

सिन्नरची आई

नऊ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार, बाईंचे विशेष. मी तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांनी लगेच माळ्यावरून लग्नपत्रिकांची पिशवी काढली.

शेपटांचं पुस्तक केलं. पाच पानं झाली. चित्रं मला येत नाहीत, म्हणून जुन्या दिनदर्शिकेतले प्राणी कापले. पहिली बिजागरी मी फट न ठेवता चिकटवली आणि झडप अर्ध्यातच अडकली, ती पुन्हा केली. खाचेचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिने अंगठा थेट तिथे घातला, मी दाखवायच्या आधीच. अजून एकही झडप फाटलेली नाही.

‘कोण लपलंय’ने खूपच सोपं झालं. पुतण्याने दोन दिवस कान टवकारून ऐकलं, मग म्हणाला, “काकू, तू आता कळू देत नाहीस.” त्याला ‘तो-ती’चा खेळ सुरू करून दिलाय.

नवऱ्याने परवा पहिल्यांदा चुकायचा प्रयोग केला. वाघाच्या शेपटावर बोट ठेवून म्हणाला, “हे आजीच्या वेणीचं टोक आहे.” ती आधी त्याच्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की उचकी लागली. “नाऽऽही! वाघचं!” तो म्हणाला, “हो की, वाघाचं!” त्यानंतर पाचही पानांना त्याला आजीची वेणीच म्हणायला लावलं तिने.

काल रात्री मी कणीक मळत होते तर मागून ओढणी ओढली गेली. लेकीने तिच्याखाली काहीतरी झाकलं होतं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. “कोण लपलंय?” मला म्हणाली. खालून बाबांच्या चपलेचा अंगठा स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, “मांजर?” तिने मान हलवली. “हत्ती?” पुन्हा मान हलवली. मी पिठाचा हात पुढे केला तर म्हणाली, “थांब ना आई.”

मी थांबले. पोळ्यांना उशीर झाला.