शब्दचर्चा : 'राखणे' आणि 'विश्वसनीय'

प्रश्न : उपासना संपताना आमचे पाळकसाहेब बायबलातल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातल्या ५:२३-२४ ने (अध्याय ५, ओव्या २३-२४) आशीर्वाद देतात. त्यात देव तुम्हाला पवित्र करो आणि तुमचा आत्मा, जीव, शरीर 'राखली जावोत' असं आहे. इथे राखणे म्हणजे नुसतं ठेवणे का? आणि देव 'विश्वसनीय' का, 'विश्वासू' का नाही?

– ठेवलेल्या वस्तूकडे पाठ फिरवता येते, राखलेल्याकडे नाही. ज्वारी कणसात आली की गोफण घेऊन माळ्यावर बसतात, ते शेत राखणं. गुरं राखतो तो गुराखी. मूळ ग्रीक 'तेरेओ'तही पहारा, जपणूक आहे. राखणारा कोण, तेही तिथेच सांगितलंय : 'शांतीचा देव स्वतः'.

प्रेषित पौलाने हे पत्र लिहिलं साधारण इ.स. ५० च्या सुमारास, करिंथहून. त्याआधी थेस्सलनीका शहरात त्याच्या प्रचारावरून दंगल उसळली, त्याला आसरा देणाऱ्या यासोनाला नगराच्या अधिकाऱ्यांपुढे ओढत नेलं, आणि बंधुजनांनी पौलाला रातोरात बिरुया गावी पाठवलं. मागे राहिलेली मंडळी नवखी, त्यात छळ. परत जायची त्याची फार इच्छा होती, पण जाता येईना. शेवटी आपला सहकारी तीमथ्य याला धाडलं. आपल्याला जवळ राहून ज्यांची राखण करता येत नाही, त्यांच्यासाठी त्याने हा शब्द योजलाय.

'विश्वासू'बद्दल : ग्रीक 'पिस्तोस' एकच, विश्वास ठेवणारा आणि विश्वास ठेवण्याजोगा अशा दोन्ही अर्थांनी. मराठीत विश्वासू म्हटलं की बहुधा हाताखालचा माणूस येतो, विश्वासू गडी, विश्वासू कारभारी. देवाला विश्वासू म्हणणं चूक नाही, पण मला 'विश्वसनीय'च पटतो.

– माळ्यावरून आठवलं. आमचे आजोबा रात्रभर शेत राखायचे. पहाटे जरा डोळा लागला की तेवढ्यात रानडुकरं येऊन जायची. बायबलातलं १२१ वं स्तोत्र म्हणतं, राखणारा देव डुलकी घेत नाही. त्याचा अर्थ मला शेतातच कळला.

– अगदी! त्या स्तोत्रात 'शामार' म्हणजे राखणे हा हिब्रू धातू आठ ओव्यांत सहा वेळा आलाय.

प्रश्नकर्ता : मग पवित्र होण्यासाठी आपण काहीच करायचं नाही का?

– करायचं की. त्याच अध्यायात थोडं आधी वाचा : निरंतर प्रार्थना करा, पारख करा, चांगलं ते धरून राहा. पण २४ व्या ओवीत क्रियापदाचा कर्ता बदलतो : 'तो हे करीलच'. ग्रीकमध्ये तिथे 'काइ' आहे, म्हणजे ज्याने बोलावलं तो करीलही. आपल्या भाषांतरकारांनी त्याचा 'च' केला. मोठ्याने वाचताना तो 'च' गिळू नका.